हॉर्नविरुद्धच्या अर्जावर सही करण्याआधी: मॉरिसव्हिल-केरीच्या मराठी शेजाऱ्यांना खुले पत्र

मंडळी, नमस्कार.

आपल्या ग्रुपवर गेले काही दिवस एक अर्ज फिरतो आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या मॉरिसव्हिलच्या टाउन कौन्सिलला लिहिलेला. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत गावातून जाणाऱ्या आगगाड्यांना हॉर्न वाजवायला बंदी घालावी, आणि जमलं तर रात्रीच्या मालगाड्या सोडूच नयेत, अशी त्यात मागणी आहे. बऱ्याच जणांनी सह्या केल्या आहेत. मी केलेली नाही. 'काका, तुमचं घर रुळांपासून लांब आहे ना, म्हणून!' असं एकीने लिहिलं. घर लांब आहे हे खरं, पण कारण ते नाही. कारण सांगायला ग्रुपवरच्या दोन ओळी आणि हात जोडल्याची इमोजी पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. तान्हं मूल तासभर थोपटून कुठे झोपलेलं असावं आणि तेवढ्यात मालगाडीने भोंगा द्यावा, हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांनाच कळतं. पण इंजिनाचा ड्रायव्हर हौसेने हॉर्न वाजवत नाही. रस्ता आणि रूळ जिथे एकाच पातळीवर येतात, तिथे प्रत्येक फाटकाच्या आधी पंधरा-वीस सेकंद हॉर्न द्यायचा, दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, नियम आहे. आवाज ९६ डेसिबलपेक्षा कमी नको आणि ११० पेक्षा जास्त नको, हेसुद्धा त्यातच लिहिलेलं आहे. नियम २००५ पासून लागू आहे, आणि त्याला दिवस-रात्र सारखीच. आपल्या टाउन कौन्सिलने उद्या एकमताने ठराव केला तरी गाडीचा हॉर्न बंद होणार नाही आणि मालगाडी तर मुळीच थांबणार नाही. अर्जातली मागणीच चुकीची आहे.

हॉर्न बंद करण्याचा कायदेशीर रस्ता आहे, त्याकडे शेवटी येतो. त्याआधी मला दुसरं काही बोलायचं आहे, कारण अर्जाच्या खाली चर्चेत कोणीतरी लिहिलं होतं: 'इथे लोक राहायला आलेत, रेल्वेने आता दुसरीकडून जावं.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. जणू आधी आपण आलो आणि मग मागून रेल्वे घुसली.

आकडे पाहिले तर असं वाटणं स्वाभाविक आहे. २००० सालच्या जनगणनेत मॉरिसव्हिलमध्ये ५,२०८ माणसं होती, २०२० मध्ये २९,६३०. केरीत १९६० साली ३,३५६ होती, २०२० मध्ये १,७४,७२१. आपल्यापैकी बहुतेकांचं घर आपल्या डोळ्यांदेखत, पाइनची झाडं पाडून उभं राहिलं. मग इथे आधी काय होतं? जंगलच की! असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो.

इथे आधी स्टेशन होतं. गाव नंतर आलं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने १८४९ मध्ये रेल्वे कंपनीला सनद दिली. भांडवल तीस लाख डॉलर, त्यातले वीस लाख राज्याने घातले. राज्याच्या मध्यभागातल्या शेतकऱ्याचा माल खराब रस्त्यांवरून बाजारापर्यंत पोचेपर्यंत वाहतुकीतच नफा संपायचा, म्हणून गोल्ड्सबरो ते शार्लट असा २२३ मैलांचा धनुष्यासारखा वळलेला मार्ग, राली आणि ग्रीन्सबरोला पोटात घेऊन, आखला गेला. काम १८५१ च्या जुलैत ग्रीन्सबरोला सुरू झालं आणि १८५६ च्या जानेवारीत पूर्ण झालं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये निघाली, तेव्हा इकडे हे मातीकाम चालू होतं.

वाफेच्या इंजिनाला थोड्या थोड्या अंतरावर पाणी आणि लाकूड लागतं. जेरेमाया मॉरिस नावाच्या गृहस्थाने १८५२ मध्ये आपल्या जमिनीतला तुकडा रेल्वेला दिला, कशासाठी? पाण्याची टाकी, कचेरी, लाकडाची वखार आणि अशाच इमारतींसाठी. टाकीभोवती स्टेशन, स्टेशनाभोवती दुकानं, दुकानांभोवती घरं, आणि १८७५ मध्ये रीतसर गाव. मॉरिसव्हिल. भुसावळ, मनमाड, दौंडकडच्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेजारची केरीही त्याच वाटेने आली. फ्रँक पेज नावाच्या माणसाने १८५४ मध्ये रेल्वेच्या वाटेवर तीनशे एकर घेतले, लाकडाची गिरणी टाकली, दुकान टाकलं, पोस्ट आणलं. दुसरी एक रेल्वे, चॅटम रेल्वे, १८६८ च्या सुमारास तिथे येऊन मिळाली आणि केरी जंक्शन झालं. पेजने लगेच प्रवाशांसाठी हॉटेल बांधलं. तेच आजचं पेज-वॉकर कला व इतिहास केंद्र, जिथे आपल्या मुलांची चित्रं प्रदर्शनात लागतात. दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या पेजने गावाला नावही ओहायोतल्या एका दारूबंदीवाल्या पुढाऱ्याचं दिलं. शेजारचं एपेक्स (इंग्रजीत 'शिखर') हा त्या चॅटम रेल्वेच्या मार्गावरचा उंचवटा, नाव त्यावरूनच.

हे रूळ टाकले कोणी, तेही सांगायला हवं, कारण गावाच्या माहितीपत्रकांत ते एका वाक्यात उरकलेलं असतं. बांधकामाची कंत्राटं वाटेवरच्या जमीनदारांनी घेतली, मोबदल्याचा काही भाग कंपनीच्या शेअर्समध्ये घेतला, आणि खोदाई-भराई आपल्या गुलामांकडून करून घेतली. शेअर्स जमीनदारांच्या नावावर झाले. ज्यांनी टेकड्या फोडल्या त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पुढे १८९९ मध्ये याच राज्याने गाड्यांमध्ये काळ्यांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. आपल्याच गावात शायलो नावाची वस्ती आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांनी वसवलेली. 'आपण आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं' हे वाक्य तिथल्या चर्चच्या पायरीवर उभं राहून म्हणून बघा.

आता गंमत ऐका. आपला हॉर्नचा अर्ज या मार्गावरचा पहिला नाही.

डरहॅमची कथा तर इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. रेल्वेला आजच्या डरहॅमच्या परिसरात स्टेशनसाठी जागा हवी होती. तिथे विल्यम प्रॅट नावाचा दुकानदार होता, जम बसलेला, जमीनही त्याचीच. त्याने जागेचा भाव अवाच्या सवा सांगितला, कारण गाडीच्या आवाजाने गिऱ्हाइकांची घोडी बुजतील अशी त्याला धास्ती होती. रेल्वेने त्याची जमीन सोडून थोडं पुढे पाहिलं. बार्टलेट डरहॅम नावाच्या डॉक्टरने आपली चार एकर दिली. स्टेशनाला त्याचं नाव पडलं, स्टेशनाचं गाव झालं, गावाचं शहर. प्रॅटच्या वस्तीचं नाव आज फक्त इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे.

पुढे पश्चिमेला ग्रॅहॅम. जिल्ह्याचं कोर्ट तिथे, मोठ्या मानाचं गाव. तिथल्यांना रेल्वेचे धडधडणारे कारखाने कोर्टाच्या जवळ नको होते. कारखाने दोन मैल लांब गेले, आणि तिथे 'कंपनी शॉप्स' अशा रुक्ष नावाची वसाहत उभी राहिली. १८८७ मध्ये तिने नाव बदलून बर्लिंग्टन केलं. आज बर्लिंग्टन ग्रॅहॅमपेक्षा कितीतरी मोठं आहे. पण पुरती हकिगत सांगायची तर हेही सांगावं लागेल: १८९६ मध्ये रेल्वेने आपले मुख्य कारखाने उचलून स्पेन्सरला नेले. रेल्वेने दिलेलं रेल्वे परतही नेते. बर्लिंग्टन तरलं ते कापड गिरण्यांमुळे.

तिसरं चॅपल हिल. विद्यार्थी बिघडतील म्हणून विद्यापीठाच्या एक मैलाच्या आत स्टेशन नको, अशी अटच होती. म्हणून १८८२ मध्ये आलेला फाटा गावाबाहेर थांबला. त्या शेवटच्या थांब्याभोवती गिरणी उभी राहिली, गिरणीभोवती मजुरांची घरं, आणि ते झालं कारबरो. तुम्ही शनिवारी ज्या कारबरोच्या शेतकरी बाजारातून टोमॅटो आणता, ते गाव एका विद्यापीठाच्या सोवळेपणातून जन्मलं आहे. चॅपल हिलचं काही बिघडलं नाही, हेही मान्य. ज्यांच्याकडे विद्यापीठ असतं त्यांना रेल्वे नाकारणं परवडतं.

मॉरिसव्हिलकडे तेव्हा विद्यापीठ नव्हतं, कोर्ट नव्हतं, नदीही नव्हती. होती ती पाण्याची टाकी. पण त्या टाकीशेजारून काय काय गेलं! १८६५ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाच्या अगदी अखेरच्या दिवसांत, राली पडल्यावर उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याचं घोडदळ मॉरिसव्हिल स्टेशनापर्यंत पाठलाग करत आलं. स्टेशनात दक्षिणेकडच्यांची गाडी उभी होती, जखमी सैनिक आणि सामान भरलेली. उंचवट्यावरून तोफा सुरू झाल्या. गाडीचे सामानाचे डबे सोडून दिले, जखमींचे डबे घेऊन इंजिन पश्चिमेला निसटलं.

चार दिवसांनी, १७ एप्रिलला, खुद्द शर्मन तहाची बोलणी करायला रालीहून डरहॅम स्टेशनकडे आगगाडीने निघाला. गाडीत चढत असतानाच तार कचेरीतून धावत निरोप आला: सांकेतिक भाषेतली महत्त्वाची तार येते आहे. त्याने गाडी थांबवून ठेवली. तार उलगडली तर लिंकनचा खून झालेला! शर्मनने तारवाल्याला कोणाजवळ चकार शब्द काढायचा नाही असं बजावलं, तार खिशात घातली आणि गाडी सोडायला सांगितली. ती गाडी याच रुळांवरून, आपल्या मॉरिसव्हिलवरून गेली. आपण जिथे फाटकात गाडी थांबवून 'अजून किती वेळ' म्हणत स्टिअरिंगवर बोटं आपटतो, तिथून. समोरच्या सेनापतीला त्याने ती तार डरहॅमजवळ बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात एकांतात दाखवली. २६ एप्रिलला तिथेच जवळजवळ ९० हजार सैनिकांच्या शरणागतीवर सह्या झाल्या, ती त्या युद्धातली सगळ्यात मोठी शरणागती. तहाच्या त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी डरहॅम स्टेशनजवळच्या ग्रीनच्या कारखान्यातला तंबाखू लुटून नेला. घरी परतल्यावर त्यांना तीच चव हवी झाली आणि मागणीची पत्रं येऊ लागली. माल पाठवायला दारात रेल्वे होतीच.

या तंबाखूतून ड्यूक घराणं मोठं झालं. त्यांच्या पैशांवर १८९२ मध्ये ट्रिनिटी कॉलेज डरहॅमला आलं, आणि १९२४ मध्ये त्याचं ड्यूक विद्यापीठ झालं. १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्कची, म्हणजे संशोधन कंपन्यांच्या वसाहतीची, कल्पना प्रत्यक्षात आली तेव्हा त्रिकोणाचं एक टोक राली, दुसरं चॅपल हिल आणि तिसरं हे डरहॅम. १९६५ मध्ये आयबीएम आली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढे आपण आहोत. तुमच्या ऑफर लेटरमागे कुठेतरी एका डॉक्टरची चार एकर जमीन आहे.

अर्थात, गेल्या चाळीस वर्षांत मॉरिसव्हिल फुगलं ते रेल्वेमुळे नव्हे. त्याचं श्रेय पार्कला, आय-४० महामार्गाला, विमानतळाला. मोटारी आल्यावर लहान स्टेशनांची गरज संपली, आणि स्टेशनावर जन्मलेल्या या गावात आज स्टेशन नाही. राली ते शार्लट रोज पाच गाड्या जातात, पाच येतात. केरीला थांबतात, डरहॅमला थांबतात, मॉरिसव्हिलमधून हॉर्न देत निघून जातात. राज्याने या गाड्यांच्या इंजिनांना बहुतेक वाटेवरच्याच गावांची नावं दिली आहेत आणि नंबर म्हणून ते गाव रीतसर स्थापन झालं ते साल. 'डरहॅम' १८६९, 'केरी' १८७१. मॉरिसव्हिलच्या नावाचं इंजिन नाही. थांबाच नाही तर नाव कशाला!

मॉरिसव्हिल-कारपेंटर रोडवर संध्याकाळी साडेपाचला उभं राहून बघा. लाल दिवे, घंटा, दांडे खाली. एका बाजूला हायवे ५४ च्या वळणापर्यंत मोटारींची शेपटी, प्रत्येक मोटारीत एकेक माणूस, बहुतेक आपल्याकडचाच. गाडी येते, चार-पाच डब्यांची, आणि डोळ्यांसमोरून काही सेकंदांत निघून जाते. त्या गाडीतली माणसं साधारण तिथेच चाललेली असतात जिथे आपण चाललो आहोत. फरक इतका की ती पोचतात.

दुसरी गोष्ट जी ग्रुपवर कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही: हे रूळ कोणा खासगी कंपनीचे नाहीत. नॉर्थ कॅरोलायना रेल्वे कंपनीतले उरलेसुरले खासगी शेअर राज्याने १९९८ मध्ये विकत घेतले. किनाऱ्यावरच्या मोरहेड सिटीपासून शार्लटपर्यंत ३१७ मैल मार्ग आज राज्याच्या मालकीचा आहे. मालगाड्या नॉरफोक सदर्न चालवते, पण जमीन जनतेची, म्हणजे ग्रीन कार्डची वाट बघत कर भरणाऱ्या आपलीही. शिवाय २०१६ च्या नोव्हेंबरात वेक काउंटीच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. तो लागू झाल्यापासून इथल्या कुठल्याही दुकानात प्रेशर कुकर घेतला तरी त्यातले काही सेंट बस आणि रेल्वेच्या नावाने जातात. याच रुळांवरून डरहॅम-केरी-राली लोकल चालवायचा आराखडा झाला होता. मॉरिसव्हिलमधल्या मॅक्रिमन पार्कवे या रस्त्याच्या परिसराचा गावाने त्या दृष्टीने वेगळा विचारही करून ठेवला होता. २०२३ मध्ये खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरच्या आसपास आला आणि सगळं बासनात गुंडाळलं गेलं.

त्याआधी २०१९ मध्ये डरहॅम ते चॅपल हिल लाइट रेल (हलकी शहरी रेल्वे) बारगळली. ड्यूक विद्यापीठाने सहकार्याच्या करारावर सही करायला नकार दिला. कारणांत रुग्णालयाजवळची कंपनं होती, यंत्रांवर होणारा विद्युतचुंबकीय परिणाम होता. रुग्णालयाची काळजी रास्तच. पण ज्या विद्यापीठाचा पैसा आगगाडीने देशभर पोचलेल्या तंबाखूचा, त्याने आगगाडीच्या कंपनांवर बोट ठेवावं, हे वाचून मला प्रॅटची घोडी आठवली.

ज्या अमेरिकन टोबॅको ट्रेलवर आपण रविवारी सायकली चालवतो, तो बावीसेक मैलांचा रस्ताही एकेकाळी रेल्वेमार्ग होता. सुंदर आहे, सावली आहे, तक्रार काही नाही. पण तिथे पुन्हा कधी रूळ येतील असं तुम्हाला वाटतं का?

तर मागणी बदला एवढंच माझं म्हणणं आहे. हॉर्न वाजतो कारण फाटक आहे. फाटकाच्या जागी पूल किंवा भुयारी रस्ता झाला की हॉर्नचं कारणच उरत नाही. तोवर मधला उपाय म्हणजे 'क्वाएट झोन': फाटकावर चार दांडे किंवा रस्त्यात उंच दुभाजक घालून ते इतकं सुरक्षित करायचं की फेडरल नियमानुसार हॉर्न द्यावा लागणार नाही. हे गावाच्या हातात आहे, त्याला पैसे लागतात, आणि पैसे कुठे घालायचे हे कौन्सिलच्या बैठकीत ठरतं. गाड्या कमी करा म्हणणाऱ्यांचं तिथे कोणी ऐकणार नाही. फाटकं काढा, पूल बांधा आणि गाडीला इथे थांबा द्या म्हणणाऱ्यांचं ऐकावं लागेल, कारण राज्याच्या रेल्वे विभागालाही फाटकं कमीच करायची आहेत.

'आपल्याला मत कुठे आहे' हे उत्तर मी ऐकलं आहे. ज्यांना आहे त्यांचंही सांगतो: इथल्या निवडणुका विषम वर्षांत होतात, राष्ट्राध्यक्षाच्या नाहीत म्हणून आपण घरी बसतो. ज्यांना मत नाही त्यांना बोलता येतं. नागरिकांच्या सूचनांसाठी बैठकीत वेळ राखलेला असतो आणि तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही. गणपतीची मिरवणूक आणि क्रिकेटची मॅच यांसाठी परवानग्या काढायला आपण बरोबर टाउन हॉल शोधतो. चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, ते ढोल-ताशे वाजवून नव्हे, वर्षानुवर्षं बैठकांना जाऊन मैदान मागितलं म्हणून.

मी नव्या अर्जाचा मसुदा इंग्रजीत करून ठेवला आहे. मागण्या तीनच: मॉरिसव्हिल-कारपेंटर रोडचं फाटक काढून तिथे वेगळ्या पातळीचा रस्ता, तोवर क्वाएट झोन, आणि राज्याच्या गाड्यांचा मॉरिसव्हिलला थांबा. ग्रुपवर या आठवड्यात टाकतो. रुळांच्या जवळ राहणाऱ्यांनी त्यात रात्रीच्या हॉर्नच्या वेळा भरून द्याव्यात, त्या तुमच्याकडेच नोंदवलेल्या आहेत. मसुद्यातलं इंग्रजी तपासायला दोघं-तिघं हवी आहेत, आणि कौन्सिलसमोर तीन मिनिटं न अडखळता बोलू शकेल असं कोणीतरी. जुन्या अर्जावर ज्यांनी सही केली आहे, त्यांच्यापैकी कोणी पुढे आलं तर फारच बरं.

आपला,
मॉरिसव्हिलमधला एक शेजारी